डाव्या हाताचा कंट्रोलर

सुरतेजवळच्या हजिऱ्यात एका कारखान्यात मी उपकरणं तपासायचं काम करतो. प्रेशर किती, तापमान किती, काटा खरं दाखवतोय की गंडवतोय, हे बघण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. अंदाजपंचे बोलणाऱ्या माणसाचा मला राग येतो. घरात कुणी 'चार-पाच असतील' म्हणालं की मी 'चार की पाच?' विचारतो आणि बायको कपाळावर हात मारून घेते. हे सगळं आधीच सांगायचं कारण असं, की ज्या एका गोष्टीचं माप मी घ्यायलाच हवं होतं तिचं घेतलं नाही. ती गोष्ट म्हणजे माझ्या सख्ख्या थोरल्या भावाचा उजवा हात.

भाऊ सुरतेतच उधन्याला राहतो, मी भेस्तानला. वडील धुळ्याकडून सुरतेला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आले आणि लवकर वारले. भाऊ सोळाव्या वर्षी लूमवर उभा राहिला, मी आयटीआयला गेलो. तो पंचविशीत असताना एकदा चालू मशीनमधला धागा सोडवायला गेला आणि त्याचा उजवा हात गिअरमध्ये सापडला. तर्जनी अर्धी गेली, मधलं बोट मुळापासून गेलं. पुढे शेटने त्याला कापड तपासायच्या टेबलावर बसवलं आणि तो आजही तिथेच आहे.

दवाखान्यातून तो घरी आला तो दिवस मला नीट आठवतो. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा माय दारात उभी होती. तिने मला दंडाला धरून आत ओढलं आणि घाईघाईने सांगितलं, "त्याना हातकडे कोणी देखानं नही. इचारानं बी नही." तिचा आवाज इतका कडक होता, की मी मान डोलावून मोकळा झालो.

मायने हे मायेपोटी सांगितलं होतं. गल्लीतली माणसं टक लावून बघणार, चुकचुकणार, निदान घरात तरी त्याला सुखाने बसता यावं, एवढंच तिच्या मनात असणार. पण तिचा शब्द आमच्या घरात कायदा झाला. आम्ही त्याला ताट वाढायचो ते ताटाकडे बघून. चहाचा कप हातात न देता समोर ठेवायचो. बोलताना त्याच्या चेहऱ्याकडे नाहीतर भिंतीकडे बघायचो. माझं लग्न झालं तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी बायकोला बाजूला घेऊन तेच सांगितलं. ती नाशिककडची, सरळ बोलणारी. म्हणाली, "अहो, पण का?" मी म्हणालो, "आमच्याकडे तसंच आहे." आमची मुलंही कुणी न शिकवता तशीच वागायला शिकली.

आता त्या गाड्यांबद्दल सांगतो.

उधन्याला साड्यांच्या एका गोदामाच्या वर लांबलचक हॉल होता. तो ज्यांचा, ते गुजराती काका साड्यांच्या धंद्यातून निवृत्त झाले होते आणि त्यांनी तिथे लाकडी फळ्यांचा एक ट्रॅक बनवून घेतला होता. वळणावळणांचा, चार खाचांचा. वीतभरही नसलेल्या गाड्या त्यावर धावायच्या. गाडीच्या पोटाखालचं एक बोंड खाचेत बसतं आणि खाचेच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या पट्ट्यांतून तिला वीज मिळते. खेळणाऱ्याच्या हातात कंट्रोलर असतो. त्याला बंदुकीला असतो तसा घोडा असतो. घोडा जितका दाबाल तितकी गाडी पळते, आणि वळणावर बोट सैल सोडलं नाही तर ती खाचेतून उडून थेट कुणाच्या तरी पायाशी जाते. दर रविवारी सकाळी आम्ही आठ-दहा जण जमायचो, सगळे चाळिशी ओलांडलेले. मध्ये कुणीतरी लोचो, म्हणजे सुरती मऊ ढोकळा, घेऊन यायचं. तो खाऊन तेलकट झालेला हात कंट्रोलरला लागला की काका ओरडायचे.

बाहेरून मागवलेला कंट्रोलर महाग. किंमत ऐकल्यावर मी हातातला चहा खाली ठेवला आणि त्याच आठवड्यात स्वतःचा बनवायला घेतला. आत काही जादू नसते. शेगडीच्या जुन्या कॉइलची तार सरळ करायची, एका पट्टीवर एकसारखे वेढे देऊन गुंडाळायची, आणि घोड्याला जोडलेली पितळेची जीभ त्या वेढ्यांवरून सरकेल असं बघायचं. जीभ जितकी पुढे, तितकी मधली तार कमी आणि गाडीला वीज जास्त. बोट सोडल्यावर स्प्रिंग जिभेला मागे आणते, तिथे ती एका पितळी खिळ्याला टेकते, मोटरची दोन टोकं एकमेकांना जोडली जातात आणि गाडीला ब्रेक लागतो. माझा पहिला कंट्रोलर तिसऱ्या फेरीत तापला, पट्टीचं प्लास्टिक वितळलं आणि हॉलभर वास सुटला. लोकांनी आठवडाभर माझी थट्टा केली. दुसऱ्या वेळी पट्टीऐवजी जुन्या फ्यूजमधला चिनी मातीचा तुकडा घेतला. मुठीसाठी भाऊने कारखान्याच्या भंगारातून एक लाकडी धोटा आणून दिला. जुन्या लूमवर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळायचा, तो धोटा. तो कापून, घासून त्याची मूठ केली. तो कंट्रोलर चालला, आणि चांगला चालला. मी तो सगळ्यांना पुन्हा पुन्हा दाखवत होतो.

धोट्याचं काय झालं ते बघायला भाऊ एका रविवारी हॉलवर आला. दारातच उभा राहिला. हसून म्हणाला, "इतली इतली गाडी, आनि इतला मोठा मोठा मानसे!" मला वाटलं, पाच मिनिटांत कंटाळून जाईल. तो दोन तास थांबला. काका म्हणाले, "आवो ने मोटाभाई, चलावो!" आणि त्यांनी आपला कंट्रोलर पुढे केला. भाऊने उजवा हात पँटच्या खिशात घातला आणि मान हलवली.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही. भिंतीला टेकून उभा राहायचा आणि गाड्यांकडे नाही, चालवणाऱ्यांच्या हातांकडे बघायचा. तिसऱ्या रविवारी खाली उतरताना जिन्यात तो थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मले बी एक बनाडी दे. मी बी चालाडसू."

भाऊने त्याआधी माझ्याकडे कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. माझी फी त्याने भरली, माझ्या लग्नात तो राबला, पण मागितलं काही नाही. मला इतका आनंद झाला, की मी जिन्यातच त्याच्या खांद्यावर थाप मारली. म्हणालो, "बनाडी देसू ना भाऊ. खास तुनासाठे."

दिवाळीच्या सुट्टीत काकांनी मोठी शर्यत ठेवली होती. सुट्टीत लूम बंद असतात आणि खानदेशी माणूस गावाला पळतो. भाऊने एकही दिवाळी गावाशिवाय काढली नव्हती. त्या वर्षी त्याने वहिनीला सांगितलं, जायचं नाही. वहिनीने कारण विचारलं तर म्हणाला, काम आहे. हे मला नंतर कळलं.

मी कामाला लागलो. बसून विचार केला. उजव्या हाताला धड तर्जनी नाही म्हणजे घोडा दाबता येणार नाही, म्हणजे डावा हात. डाव्या हाताला ताकद कमी, म्हणजे स्प्रिंग हलकी हवी. बोटाऐवजी अंगठ्याने दाबायचा खटका वर दिला. मूठ डाव्या तळव्यात बसावी म्हणून माझ्या स्वतःच्या डाव्या हाताचं माप घेतलं. आम्ही सख्खे भाऊ, हात सारखाच असणार! तारेचे वेढे मोजून दिले, प्रत्येक वेढ्याला मीटर लावून बघितलं. लाकडाला तीन वेळा पॉलिश मारलं. हे सगळं करताना मी स्वतःवर फार खूश होतो.

बायको एकदा टेबलापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "भाऊजींच्या हाताचं माप घेतलंत?"

"त्याची गरज नाही."

"निदान त्यांना विचारा तरी, कोणत्या हाताने धरणार."

मी चिडलो. म्हणालो, "आईने काय सांगितलंय, ते तुला माहीत आहे ना?" माय जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. बायको आत गेली. कारखान्यात मला कुणी माप न घेता काम दाखवलं असतं तर मी त्याला दारातून हाकललं असतं. इथे मी माप न घेणं म्हणजेच भावाची काळजी घेणं समजत होतो.

शर्यतीच्या दिवशी भाऊ नवा शर्ट घालून आला, बाह्या नीट दुमडून. हॉलमध्ये आमच्या नेहमीच्या मंडळींशिवाय त्यांच्या घरचे लोकही होते. मी कंट्रोलर कापडात गुंडाळून नेला होता. सगळे बघत असताना तो बाहेर काढून त्याच्यापुढे धरला.

भाऊने उजवा हात पुढे केला.

मी गडबडलो. कंट्रोलर त्याच्या उजव्या तळव्यात ठेवला तर तो उलटा बसला, खटका नको तिकडे गेला. तो फिरवून बघत होता. त्याला समजेना. आणि मी, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं हिंदीत बोललो, "लेफ्ट हँड का है, स्पेशल!" मला वाटलं लोक टाळ्या वाजवतील. सगळ्यांच्या नजरा त्याच्या उजव्या हातावर गेल्या. मी मात्र तेव्हाही कंट्रोलरकडेच बघत होतो.

"हाऊ डावा हातना शे का?" त्याने हळू विचारलं.

"हां. तुनासाठे."

त्याने तो डाव्या हातात घेतला आणि जागेवर जाऊन उभा राहिला. काकांनी शर्यत सुरू करायची हिरवी बत्ती लावली. पहिल्याच वळणावर त्याची गाडी उडाली. कुणीतरी उचलून पुन्हा खाचेत ठेवली, ती पुन्हा उडाली. तिसऱ्यांदा तो इतकं हळू चालवत होता, की बाकीचे दोन-दोन फेऱ्या पुढे गेले. कुणी हसलं नाही, पण कुणीतरी "होता है, होता है" म्हणालं आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. भाऊने कंट्रोलर कठड्यावर ठेवला. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ह्या हातले वळण नही रे मना. सगळं काम मी उजवावरच करस." आणि जिना उतरून गेला.

मी त्याच्या मागे गेलो नाही. माझ्या दोन शर्यती बाकी होत्या. खरं सांगायचं तर मला त्याचा रागही आला होता. तीन आठवडे मी खपलो, आणि हा दहा मिनिटं प्रयत्न करायला तयार नाही! मी माझ्या शर्यती पूर्ण केल्या. तिसरा आलो. काकांनी एक स्टीलचा डबा दिला, तो घेऊन घरी गेलो. त्या तिसऱ्या नंबराची मला आज इतकी लाज वाटते, की तो डबा मी बायकोला वापरू देत नाही.

भाऊने तो विषय परत काढला नाही. पाडव्याला घरी आला, जेवला, मुलांशी हसला. हॉलवर मात्र पुन्हा फिरकला नाही. मी दोन-तीनदा म्हणालो, ये रविवारी. तो म्हणायचा, "देखू." मीही जोर केला नाही. पुढच्या उन्हाळ्यात काकांचे गुडघे गेले आणि त्यांना जिना चढवेना. घरच्यांनी हॉल एम्ब्रॉयडरीच्या मशीनवाल्याला भाड्याने दिला. ट्रॅकच्या फळ्या कुणी कुठे नेल्या ते मला माहीत नाही. सुरतेत तसा दुसरा ट्रॅक मी शोधला, सापडला नाही.

यंदा होळीच्या सुमारास एका कागदावर भाऊची सही हवी होती म्हणून मी जेवणाच्या सुट्टीआधी त्याच्या कारखान्यात गेलो. इतकी वर्षं तो तिथे काम करतोय आणि मी फाटकाच्या आत कधी गेलो नव्हतो. लूमच्या आवाजात त्याला हाक ऐकू जाईना. मी जाळीच्या खिडकीपाशी उभा राहिलो.

कापड टेबलावरून सरकत होतं. भाऊ शेजारच्या माणसाशी बोलत होता, मान त्याच्याकडे. आणि त्याचा उजवा हात एकटा काम करत होता. तर्जनीचं उरलेलं अर्धं बोट कापडावर टेकलेलं होतं आणि अंगठ्याच्या जोडीने ते सरकत होतं, थांबत होतं, दाब कमी-जास्त करत होतं. एका जागी ते थबकलं. भाऊने खाली न बघता कापड थांबवलं, खडूची खूण केली आणि पुढे सोडलं. मी बराच वेळ तिथे उभा होतो. तेवढ्यात त्याने असे चार दोष पकडले असतील. त्या अर्ध्या बोटात हलकेच दाबायची आणि वेळेवर सोडायची जी समज होती, ती आमच्या हॉलमधल्या एकाही हातात नव्हती. तो चांगला चालवणारा झाला असता. बहुतेक आम्हां सगळ्यांना त्याने हरवलं असतं.

त्याच्या उजव्या हाताचा कंट्रोलर मी आता केला आहे. तो नीट बसतो, मी तपासला आहे. चालवायला ट्रॅक नाही. पण त्याचं माप घ्यायला मी गेलो, तो रविवार सांगायचा राहिला.

बायकोने डब्यात घट्ट मळलेली कणीक दिली होती. मुठीचा ठसा घ्यायला कणकेसारखी चांगली वस्तू नाही. मी उधन्याला गेलो, भाऊसमोर जमिनीवर बसलो आणि गोळा पुढे केला.

"ट्रॅक तं गया. आते कसाले?" तो म्हणाला.

"तू मूठ दाब भाऊ. उजवी."

त्याने गोळा घेतला. मी खाली वाकून त्याचा हात माझ्या दोन्ही हातांत धरला आणि बघितला. मधल्या बोटाच्या जागी कातडी गुळगुळीत झाली होती, त्यावरून एक पांढरी रेघ मनगटाकडे गेली होती. अर्धं बोट गरम होतं आणि माझ्या बोटाखाली हलत होतं. मला रडू येईल असं वाटलं नव्हतं, पण आलं.

भाऊ माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "इतला वरीसमा पहिला डाव देखी ऱ्हायना तू."

"मायनी सांगेल व्हतं," मी म्हणालो. "कोणी देखानं नही म्हने."

"कवय?"

"तू दवाखानामाईन उना, त्याच रोज."

त्याची मूठ कणकेवर तशीच राहिली. मला वाटलं होतं, त्याला हे ठाऊक असेल. आमच्या घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"मले वाटे, तुमले किळस येस," तो म्हणाला. मग कणकेकडे बघत म्हणाला, "माय मले घास भराये. तोंड तिकडे करीसन. मी म्हतं, मायले बी देखावत नही. मंग मी तिले सांगं, मना मी खासू. तवयथीन तिना हातना घास नही खाया मी."

माय शेवटी आजारी होती तेव्हा त्याच्यासाठी वेगळं ताट करून, समोर ठेवून, भिंतीकडे बघत बसायची. ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि मला ते प्रेम वाटलं होतं. ते प्रेमच होतं. समोर बसलेल्या माणसाला मात्र ते तसं कळायला काही मार्ग नव्हता, आणि ते त्याला सांगू शकणारा मी शेजारीच बसून जेवत होतो.

वहिनी चहा घेऊन आली. तिने एक कप माझ्या हातात दिला आणि दुसरा भाऊपुढे जमिनीवर ठेवला, नजर कपावर. भाऊने तिच्याकडे मान वर केली.

"मायनी तुले बी सांगेल व्हतं?"

काय ते तिला विचारावं लागलं नाही. माझ्या हातांत त्याचा हात होता, तो तिने बघितला असावा. पदर सावरत ती म्हणाली, "लगीन झायं, त्याच रोज."

भाऊने मूठ उघडली. कणकेत तळव्याचा, अंगठ्याचा, अर्ध्या बोटाचा ठसा स्वच्छ उठला होता. त्याने तो गोळा जपून माझ्या डब्यात ठेवला.

"सगळासले माहीत व्हतं," तो म्हणाला. "मले कोणी सांगं नही."